अनोळखी संशोधकाला ईमेलवर प्रश्न कसा विचारावा

ठाणे जिल्ह्यातल्या शिलालेखांवर, ताम्रपटांवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. 'सर, शिलाहारांची माहिती पाठवा, प्रोजेक्ट परवा द्यायचाय' असे ईमेल त्यांना सतत येतात. (शिलाहार म्हणजे कोकणातलं जुनं राजघराणं.) मलाही येतात. यावर 'नम्रपणे लिहा, थोडक्यात लिहा' असा सल्ला दिला जातो. पण या ईमेलांत नम्रता भरपूर असते. नसतो तो प्रश्न.

म्हणून मायन्यावर वेळ घालवू नका. 'सप्रेम नमस्कार', दोन ओळींत ओळख, शेवटी पूर्ण नाव आणि कॉलेज. विषयाच्या जागी 'अर्जंट मदत' नको. 'अंबरनाथ शिलालेख : शकवर्षाचं वाचन' असं लिहा.

आता प्रश्न. खरी मेहनत इथेच आहे, आणि मलाही हे बराच काळ जमत नव्हतं. प्रश्न आधी वहीत लिहून दुसऱ्या दिवशी निर्दयपणे कापायला लागलो, तेव्हा जमलं.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख घ्या. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष शक ७८२ वाचलं, पुढे त्याच शतकातल्या भगवानलाल इंद्रजींनी ९८२ वाचलं. ९८२ म्हणजे इ. स. १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका आकड्यापायी दोनशे वर्षांचा फरक! आता 'मंदिर नक्की केव्हाचं?' असं विचारलंत, तर समोरच्याने अख्खं व्याख्यान लिहायचं का? तो नाही लिहिणार. त्याऐवजी असं लिहा : 'मिराशींच्या शिलाहार लेखांच्या खंडात (१९७७) ९८२ हे वाचन पाहिलं. पहिला आकडा ७ नसून ९ आहे हे कोणत्या वळणावरून ठरतं, ते मला फोटोत दिसत नाही. फोटो जोडला आहे.' जाणकार माणूस याचं उत्तर चहा पिता पिता देतो.

काय पाहिलं, कुठे अडलं, काय हवं, हाच क्रम ठेवा. एका ईमेलमध्ये एकच प्रश्न. आणि 'गूगलवर शोधलं' याला पाहणं म्हणत नाहीत. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे. तिथे जाऊन आधी ग्रंथपालांना विचारा. न वाचलेल्या पुस्तकाचं नाव तर चुकूनही टाकू नका. पहिल्याच उलट प्रश्नात ते उघडं पडतं.

फोटोला समोरून फ्लॅश मारू नका, कोरीव अक्षर सपाट दिसतं. बाजूने तिरपा टॉर्च धरा, शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षरांवर खडू किंवा पावडर चोळायची नाही, म्हणजे नाही! अटॅचमेंट २५ एमबीच्या आत ठेवा.

दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नंतर थांबा. दोघांना विचारत असाल तर दोघांनाही तसं सांगा.

उत्तर आलं की त्याच दिवशी आभार माना. मग मात्र तो ईमेल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. संशोधक खाजगीत 'मला वाटतं' म्हणून जे लिहितो, तो त्याचा छापील निष्कर्ष नसतो. विचारल्याशिवाय ते फिरवणं हा विश्वासघात आहे, आणि असे अनुभव आलेले लोक पुढच्या विद्यार्थ्याला उत्तरच देत नाहीत. प्रबंधात वापरायचं असेल तर परवानगी घ्या आणि तळटीपेत 'व्यक्तिगत पत्रव्यवहार' म्हणून तारखेसकट नोंदवा.

लेख छापून आला की पीडीएफ त्यांना पाठवा. त्यांचं मत खोडलं असेल तर ते कोणत्या पानावर, हेही सोबत लिहा.