एन्क्रिप्शन लायब्ररींचे परवाने तपासताना

पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी एन्क्रिप्शन लायब्ररींचे, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बदलणाऱ्या तयार कोडच्या संचांचे, परवाने तपासण्याचे काम करतो. या कामात नव्याने येणारे बहुतेक जण विचारतात की, पेटंटची मुदत संपली असेल तर आता हरकत कसली? मुदत संपल्यावर पद्धत सर्वांना खुली होते. त्या पद्धतीवर कोणीतरी लिहिलेला कोड मात्र त्याच्या कॉपीराइटखालीच राहतो.

आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीचे उदाहरण घ्या. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची ही पद्धत १९७७ साली, पेटंटचा अर्ज करण्यापूर्वीच छापून आली, त्यामुळे १९८३ साली मिळालेले पेटंट अमेरिकेपुरतेच राहिले आणि जो प्रोग्राम युरोपात बिनदिक्कत वापरता येई, त्यासाठी अमेरिकेत परवानगी लागे. सप्टेंबर २००० मध्ये मुदत संपायला दोन आठवडे उरले असताना पेटंटचे हक्क असलेल्या आरएसए सिक्युरिटी या कंपनीने ती पद्धत खुली केली. यात मला औदार्यापेक्षा जाहिरातीची जाण अधिक दिसते. तत्पूर्वी १९९९ साली आलेल्या जीएनयूपीजी १.० या मुक्त एन्क्रिप्शन प्रोग्राममध्ये आरएसए टाळून एलगमाल आणि डीएसए या दुसऱ्या पद्धती वापरल्या होत्या.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा पेच कॉपीराइटचा होता. त्याच्या वैशिष्ट्यांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत प्रकल्पाचे श्रेय छापावे, अशी अट जुन्या परवान्यात होती आणि जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याला अशी जादा अट चालत नाही. म्हणून जीपीएलखाली लिहिणारे एक तर आपल्या परवान्यात लेखी अपवाद जोडत, नाहीतर जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीकडे वळत. इथे मुदत संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, कारण भारतीय कायद्यानुसार कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. अखेर जुन्या योगदानकर्त्यांना गाठून संमती घेण्याचा खटाटोप प्रकल्पाने केला आणि २०२१ साली ३.० ही आवृत्ती अपाचे २.० या दुसऱ्या मुक्त परवान्याखाली आली. हा परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, केवळ दुसऱ्या आवृत्तीखाली असलेल्या कोडशी जुळत नाही.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही, यावर विसंबून अनेक जण निर्धास्त राहतात. पण माल अमेरिकेत जाणार असेल तर तिथली पेटंटेही पाहावी लागतात. तेव्हा नोंदवहीत लायब्ररीच्या नावापुढे आवृत्ती, परवाना आणि विक्रीचे देश असे तिन्ही रकाने भरावेत, कारण जुन्या परवान्याखालची १.१.१ काय आणि अपाचेखालची ३.० काय, यादीत दोन्ही नुसत्या ‘ओपनएसएसएल’ म्हणूनच येतात.