हाताखाली पोरगं घ्यायचं असेल तर

मागच्या महिन्यात पंपाचा एक बुश करून घ्यायला बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका शेडवर गेलो होतो. लेथवर, म्हणजे धातू गोल फिरवत कापायच्या मशीनवर, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. त्याने जॉब (कापायचा तुकडा) चकात, म्हणजे तो पकडून फिरवणाऱ्या जबड्यात बांधला, चक आवळायची चावी काढली, मशीनच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर, दोनदा ठोकली, ठक ठक, आणि मग स्विचकडे हात नेला. मी चहाचा ग्लास धरून तसाच उभा राहिलो.

ती ठकठक माझ्या उस्तादांची. १९७९ साली मी अप्रेंटिस लागलो तेव्हा त्यांच्या पाठीमागच्या दोन मशीनवर आम्ही दोघं शिकाऊ होतो. चावी चकात राहिली आणि मशीन चालू झालं, तर ती दगडासारखी भिरकावली जाते. सारखं मागे वळून बघायला उस्तादांना सवड नसायची, म्हणून त्यांनी कायदाच केला: चावी निघाली की दोन ठोके, आणि ते मला ऐकू आले पाहिजेत. ठोक्यांआधी मोटारचा आवाज आला की गुजरातीत उद्धार व्हायचा. पुढे मी माझ्या पोरांना तेच लावलं. या शेडचा मालक त्यांतलाच एक. आता तिथे पाठ करून उभं राहणारं कुणी नाही, आणि ठोके कशासाठी ते त्या पोराला ठाऊकही नाही. विचारलं तर म्हणाला, "शेठ असंच करतात." पण चावी चकात राहत नाही.

निवृत्त झाल्यापासून दांडिया बाजारातले ओळखीचे लोक विचारतात, एखाद्या पोराला हाताखाली घ्यावं म्हणतो, कसं करायचं? मला लेथचंच कळतं, म्हणून त्यातलंच सांगतो. तुम्हाला हिशेब येत असेल किंवा शिवणकाम, तर तसं लावून घ्या.

आधी वेळ बांधा. "केव्हाही ये रे" म्हटलं की पोरगं येत नाही. त्याला वाटतं, काका उगाच तोंडदेखलं बोलले. माझी वेळ रविवारी सकाळी ९ ते ११. मी आजारी असलो तरी सव्वानऊला खाटेवरून दोन प्रश्न विचारतो आणि मगच घरी पाठवतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, बडोद्यात कुणी गच्ची सोडून खाली येणार नाही, तेव्हा तो रविवार असला तरी सोडून द्या. आणि नवरात्रात रात्रभर गरबा खेळून आलेल्याला मशीनला हात लावू देऊ नका. त्या दिवशी व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) वाचायला बसवा.

दुसरी गोष्ट मी फार उशिरा शिकलो. छोटा उदेपूरकडचा एक मुलगा माझ्याकडे होता. हात चांगला, पण उभ्या उभ्या पेंगायचा. महिनाभर मी त्याला आळशी म्हणून झोडपला (तोंडाने). मग कळलं की त्याला खोलीच नाही. एका गोदामाच्या ओट्यावर झोपतो, पहाटे चारला ट्रक आला की उठवतात. मी खोली शोधायला निघालो. चार ठिकाणी मालक नाव विचारून हसले आणि आडनाव ऐकून "भाऊ, आम्हाला घरातच लागणार आहे" म्हणाले. पाचव्या ठिकाणी मी माझ्या नावावर खोली घेतली.

बडोदेकराला हे नवं वाटायला नको होतं. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते आपण अभिमानाने सांगतो. पण १९१७ साली ते इथे नोकरीवर आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हुसकावलं, आणि ते कमाठी बागेत जाऊन बसले. महाराजांचं मन मोठं होतं, खजिना मोठा होता, पण गावात एक खोली निघाली नाही. तेव्हा पोराला काय येतं हे विचारायच्या आधी विचारा: झोपतोस कुठे, सकाळी काय खाऊन आलास? माझ्याकडे आता नऊ वाजता आधी शेव-उसळ आणि पाव असतो, मग मशीन.

आता शिकवण्याचं. पोराला बिघडवायला काम द्या. खरोखरच बिघडवायला. मी भंगारातला २५ मिलीमीटरचा सळईचा तुकडा देतो आणि सांगतो, एका टोकाला २० कर. नवीन पोरगं हिशेब करतं: पाच काढायचे, म्हणजे टूल (कापायचं हत्यार) पाच मिलीमीटर आत. पण जॉब गोल फिरतो ना! टूल एक मिलीमीटर आत गेलं की व्यास दोनने कमी होतो. हँडल फिरवायच्या आधी मी फक्त विचारतो, "मोजलंस?" तो म्हणतो मोजलं. मग मी दोन्ही हात पाठीमागे बांधतो. ही सगळ्यात अवघड पायरी आहे, मला अजून जमत नाही. खोल काप एका दमात घ्यायचा नाही एवढा नियम मात्र पाळायला लावतो. बाकी कापू देतो. शेवटी तो व्हर्नियर लावतो आणि २० च्या जागी १५ येतात. तोंड उतरतं. "काका, आ तो बगडी गयुं." हे तर बिघडलं.

इथे बोलू नका. तो पुन्हा मोजेल, व्हर्नियरला दोष देईल, डायलकडे बघेल. पाच-सात मिनिटं जातील. मग कुठेतरी त्याचं बोट हवेत गोल फिरतं, आणि तुम्हाला कळतं की त्याला कळलं. हेच मी आधी फळ्यावर लिहून दिलं असतं तर पुढच्या रविवारपर्यंत पुसलं गेलं असतं. बिघडलेल्या तुकड्यावर नंबर पंचाने तारीख मारायला लावा आणि डब्यात ठेवा. उस्तादांनी माझे अकरा तुकडे ठेवले होते. पहिल्या महिन्यातले सहा.

रागवायचं असेल तर एकट्यात, आणि जॉबवर. बापावर, गावावर जायचं नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो, कारण इथे आपले लोक गडबड करतात. शिकवतो म्हणून फुकट राबवणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्याने केलेला जॉब तुम्ही गिऱ्हाइकाला विकलात तर त्याची मजुरी द्या. नियमाने अप्रेंटिस घेतला तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे त्याला स्टायपेंड द्यावाच लागतो. उसने मात्र देऊ नका. द्यायचे तर विसरून द्या. उसने घेतलेला पोरगा पुढच्या रविवारी येत नाही, पैसे गेल्यापेक्षा ते वाईट. अठरा वर्षांच्या आतलं पोर मशीनवर उभं करू नका, त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवा. मुलगा असो की मुलगी, घरच्यांना एकदा भेटा आणि शिकवताना दार उघडं ठेवा.

भाषा त्याची वापरा. बडोद्याचं कलाभवन, कारागिरीची शाळा, १८९० साली निघालं तेव्हा कारागिरी मातृभाषेत शिकवायची असंच ठरलं होतं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. माझी गुजराती दांडिया बाजारची आहे, पोरं हसतात. हसू द्या. हसणारं पोरगं प्रश्न विचारतं.

आणि एक दिवस तो जाईल. बहुतेक न सांगता, बहुतेक दोनशे-पाचशे रुपयांसाठी. जाऊ द्या. फोन करून टोमणे मारू नका.

त्या शेडवरचं एक सांगायचं राहिलं. ठकठक झाल्यावर बुश तयार झाला, मशीन थांबलं, आणि त्या पोराने चकाखालचा धातूचा कीस नुसत्या हाताने सारला. उजव्या अंगठ्याला त्याच्या पट्टी होती. ही सवय उस्तादांची नव्हती, ते ब्रश वापरायचे. ही माझी. माझ्या अंगठ्यावर दोन व्रण आहेत. मी शेठला म्हटलं, "अरे, याला ब्रश दे." तो हसला आणि स्वतःचा अंगठा वर करून दाखवला.

मंगळवारी खंडेराव मार्केटकडे जाणं झालं तेव्हा तीन ब्रश घेतले. दोन शेडवर देऊन आलो, एक माझ्या मशीनला बांधलाय.