कोरडा ओढा आणि एम. प्लॅन.ची दोन वर्षं

सिव्हिलची पदवी घेऊन मी पुण्यात एम. प्लॅन.ला, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला आले, तेव्हा नगररचना म्हणजे रस्त्यांची रुंदी, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आणि रंगीत नकाशे, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्या सेमिस्टरला, मार्चच्या उन्हात, आम्ही आंबिल ओढ्याच्या काठाने जमीनवापराचं सर्वेक्षण करत होतो. ओढ्यात सांडपाण्याची बारीक धार. काठच्या एका पट्ट्यावर मी 'मोकळी जागा' लिहिलं. शेजारच्या घरातल्या आजी ते बघत होत्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, माझ्या खांद्याच्याही वर. "इथवर आलं होतं बघ पाणी." २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुराचं ते पाणी.

त्या संध्याकाळी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) टाकून ओढ्याचं पाणलोट क्षेत्र काढलं. कात्रजच्या डोंगरांपासून मुठा नदीपर्यंतचा उतार समोर आला आणि ती 'मोकळी जागा' कोणाची आहे ते कळलं. ती पाण्याची होती. पुढे माझा प्रबंध याच विषयावर झाला.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. बहुतेक ठिकाणी गेट या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेचे गुण लागतात; वास्तुकला आणि नियोजनाचा वेगळा पेपर असतो, पण सिव्हिलवाल्यांनाही अनेक संस्था घेतात. पर्यावरण नियोजनच करायचं असेल तर दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये ती स्वतंत्र शाखा आहे. प्रत्येक संस्थेचे पात्रतेचे नियम त्या वर्षीचे बघा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

क्यूजीआयएस फुकट आहे, आधीच शिकून या. महाराष्ट्रात काम करायचं असेल तर १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम सावकाश वाचा. विकास आराखडा, आरक्षणं (सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा), हरकती-सूचना, सगळं त्यातूनच येतं. निळी पूररेषा (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल पूररेषा (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) यांतला फरक पाठ असू द्या. आणि मराठी टिकवा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी सातबारा, गाव नकाशा आणि लोकांनी दिलेल्या हरकती मराठीतच असतात. एमपीएससीतून सहायक नगर रचनाकार व्हायचं ठरवलंत तर याच कागदांशी रोजची गाठ आहे.

प्रवेशाआधीच्या पावसाळ्यात मात्र एक काम कराच. आपल्या गावातला एखादा ओढा उगमापासून नदीपर्यंत चालून बघा. तो कुठे पाइपात शिरतो, कुठे भिंतीआड जातो, ते वहीत टिपून ठेवा आणि काठच्या माणसांना पाणी कुठवर येतं ते विचारा.