इंटरफेस घेताय? आधी माइक मोजा
घरी रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) घेताना आधी एकाच वेळी किती माइक लागणार ते मोजा. एकटेच गाणार आणि पेटी नंतर वेगळी वाजवणार तर एक माइक बास, पण तबलजी समोर बसणार असेल तर तबल्या-डग्ग्याला दोन आणि गळ्याला एक, म्हणजे तीन माइक झाले, म्हणून चार इनपुटवालाच बघा. खोक्यावर दोन इनपुट लिहिलेले असतात पण कधी कधी त्यातलं एक नुसतं गिटारचं निघतं (मी असाच फसलोय), म्हणून एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या केबलची) भोकं मोजूनच पैसे द्या. बहुतेक कंडेन्सर माइकना (बारीक आवाजही टिपणारे, विजेवर चालणारे माइक) ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसमधून केबलवाटे मिळणारी वीज, लागते. डायरेक्ट मॉनिटरिंगही (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येणं) हवंच, नाहीतर हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येतो आणि सम हुकते. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) भुलू नका, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर मस्त काम भागतं.