लिनक्सवर नेटवर्क ड्रायव्हर लोड झाला का? तपासताना या चुका टाळा

केबल जोडूनही नेटवर्क मिळाले नाही की बहुतेक जण टर्मिनलमध्ये लोड झालेल्या मॉड्यूलांची (ड्रायव्हरसारख्या, हवे तेव्हा जोडता येणाऱ्या भागांची) यादी दाखवणारी ‘एलएसमॉड’ ही कमांड देतात, यादीत ड्रायव्हरचे नाव दिसले तर निर्धास्त होतात आणि न दिसल्यास तो नव्याने इन्स्टॉल करायला घेतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मॉड्यूल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत आले आहे, एवढेच ती यादी सांगते. त्याने तुमच्या कार्डाचा ताबा घेतला की नाही, हे तिच्यातून कळत नाही.

ते पीसीआय जोडणीवरील कार्डांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय -एनएनके’ या कमांडने कळते आणि सर्वाधिक गफलतही तिथेच होते. रिअलटेकचे ८१६८ जातीचे कार्ड असेल, तर त्याच्या नोंदीखाली ‘कर्नल मॉड्यूल्स’ या ओळीत ‘आर८१६९’ दिसते. पण या ओळीचा अर्थ ‘हे मॉड्यूल या कार्डाला चालू शकेल’ इतकाच आहे. तिच्या वरची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल, तर कार्ड ड्रायव्हरविना पडून आहे असे समजावे. यूएसबी अडॅप्टर मात्र इथे शोधू नये. त्यासाठी ‘एलएसयूएसबी -टी’ आहे.

‘एलएसमॉड’मध्ये नाव नसण्याचे एक साधे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल, तर तो या यादीत कधीच येत नाही. अशा ड्रायव्हरांची नावे कर्नलच्या मॉड्यूल फोल्डरमधील ‘मॉड्यूल्स डॉट बिल्टिन’ या फाइलीत असतात.

‘एलएसमॉड’च्या ‘यूज्ड बाय’ या रकान्यातील शून्य त्याहून फसवे. नेटवर्क व्यवस्थित चालू असतानाही ‘आर८१६९’समोर तिथे शून्यच असते, कारण इंटरफेस (यंत्राची नेटवर्क जोडणी) सुरू असणे या मोजणीत धरले जात नाही. ‘कोणी वापरत नाही’ असे समजून दूरच्या सर्व्हरवर एसएसएचमधून (दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या सोयीतून) मॉड्यूल काढणारी ‘आरएममॉड’ कमांड चालवली, तर मॉड्यूल मुकाट्याने निघते, त्याच क्षणी तुमचे कनेक्शनही तुटते आणि मग यंत्रापाशी कोणीतरी प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

वायफायच्या बाबतीत फर्मवेअरही (कार्डात भरले जाणारे सॉफ्टवेअर) पाहावे लागते. कधी कधी इंटेलच्या कार्डाचे ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ मॉड्यूल लोड झालेले असते, पण फर्मवेअरची फाइल न मिळाल्याने इंटरफेस तयारच होत नाही. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर लोड करता आले नाही आणि एरर उणे २ अशी ओळ आली, तर त्याचा अर्थ फाइल जागेवर नाही असा होतो, तेव्हा ड्रायव्हर बदलत बसू नये, फर्मवेअरचे पॅकेज टाकावे.

अपडेटनंतर मॉड्यूल लोड करणाऱ्या ‘मॉडप्रोब’ कमांडला अचानक मॉड्यूल सापडेनासे झाले, तर ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलची आवृत्ती पाहावी आणि त्याच नावाचे मॉड्यूल फोल्डर डिस्कवर आहे का ते तपासावे. आर्च लिनक्स या लिनक्सच्या प्रकारात कर्नल अपडेट होताच जुने फोल्डर काढले जाते, त्यामुळे तिथे रीबूट करणे हाच उपाय असतो.