संशोधनातल्या या चुका टाळा: आधी कच्ची वही दाखवा

पीएचडीचे नवे विद्यार्थी येतात तेव्हा त्यांच्याकडे लॅपटॉप असतो, सॉफ्टवेअर असतं, कुठल्या जर्नलमध्ये पेपर टाकायचा तेही ठरलेलं असतं. वही नसते. नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवताना आणि गाईड म्हणून सह्या करताना माझी वीसेक वर्षं गेली, त्यामुळे पुढे काय होणार ते मला साधारण आधीच दिसतं. बहुतेक पोरं लबाड नसतात, घाईत असतात. पण तक्त्यात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो.

रीडिंग बसवणं

ही सवय बारावीच्या प्रॅक्टिकलपासूनची. टायट्रेशनची तीन रीडिंग, तिन्ही ९.८, सीबीआर (ब्युरेटचं कायम येणारं रीडिंग) ९.८. सिनियरचं जर्नल समोर उघडं. परीक्षक 'छान' म्हणतात आणि पोराच्या डोक्यात पक्कं बसतं, की उत्तर आधी माहीत असतं आणि रीडिंग त्याला जुळवायचं असतं.

असाच एक विद्यार्थी माझ्याकडे होता. हुशार, कष्टाळू, जरा उतावळा. विषय द्राक्षाचा. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत दोन वेगळ्या फवारण्यांचा मण्याच्या गोडीवर काय फरक पडतो, ते बघायचं होतं. मण्यात पाणी उतरल्यापासून खुड्यापर्यंत दर आठवड्याला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, मोजायचा. मार्चअखेर त्याने तक्ता आणला. सुरेख तक्ता. १८.३७, १८.४२, १८.५१, हळूहळू चढत जाणारा.

आमच्या विभागातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं यंत्र, हातात धरून डोळ्याला लावायचा. त्यावरची सर्वांत लहान रेघ ०.२ ची. त्यात १८.३७ दिसणार कसं?

"सर, सरासरी आहे ती."

"मग मूळ आकडे दाखव."

डायरी बसमध्ये राहिली म्हणाला. मी काही बोललो नाही. संध्याकाळी बागवाल्या दादांना फोन केला, म्हटलं शेवटच्या रीडिंगला पोरगा किती वाजता आला होता? ते म्हणाले, "सर, त्या तारखेच्या आठ दिवस आधीच माल खुडून गेला. बाग खाली होती. पोरगा दोनदा आला, नंतर दिसला नाही."

म्हणजे वेलीवर घड नसताना त्यांची गोडी दोन दशांश स्थळांपर्यंत मोजली होती.

दोष माझाही होता. आधीच्या दोन महिन्यांच्या तक्त्यांवर मी वही न बघता सह्या केल्या होत्या. द्राक्षाचं पीक वर्षातून एकदाच. ऑक्टोबर छाटणीची वाट बघावी लागली आणि सगळं पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वर्षीचे आकडे ओबडधोबड आले आणि निष्कर्ष निघाला, की दोन फवारण्यांत काही फरक नाही. तो हिरमुसला. मी तसंच छापायला लावलं. फरक नाही हेही बागाईतदाराला कळायला हवंच, फवारणीचे पैसे त्याच्या खिशातून जातात.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यान हेन्ड्रिक श्योन नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ नामांकित जर्नलांत धडाधड पेपर छापत होता. २००२ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं, की अगदी वेगळ्या तापमानांना केलेल्या दोन प्रयोगांच्या आलेखांत नॉइज मात्र जसाच्या तसा आहे. नॉइज म्हणजे यंत्राची थरथर, ती दोनदा सारखी येत नाही. चौकशी समितीने २४ आरोप तपासले आणि १६ प्रकरणांत गैरवर्तन ठरवलं. प्रयोगाच्या वह्या नव्हत्याच. मूळ फाइली कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून पुसल्या, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. ते वाचताना मला बसमध्ये राहिलेली डायरी आठवली.

माझी पद्धत जुनाट आहे. शिवलेली वही, सुटे कागद नाहीत. पानांवर आधीच नंबर घालायचे. पेन्सिल नको, पेन. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. त्या दिवशी आभाळ होतं का, दव होतं का, तेही लिहायचं. बागेतून निघण्याआधी पानाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर. एक्सेलची पहिली फाइल 'मूळ' नावाने ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही, गणितं तिच्या कॉपीत. एखादा आकडा फारच वेगळा आला तर खोडायचा नाही, तो का वेगळा आला त्याचं कारण लिहून ठेवायचं.

'सर, दहा टक्के चालतं ना?'

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६० ला सुधारलेला प्रबंध देण्यावर वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. याचा अर्थ पोरं काढतात, की दहा टक्के चोरीचा कोटा मिळाला. टक्का सॉफ्टवेअर मोजतं, कल्पना कुणाची ते त्याला कळत नाही. शब्द फिरवून देणाऱ्या वेबसाइटी तर वापरूच नका. त्यांच्या कृपेने छापील पेपरांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं आहे. मी सांगतो ते एवढंच: मूळ पेपर वाचा, मिटा, चहा पिऊन या, मग आठवेल ते लिहा आणि संदर्भ द्या.

तीन दिवसांत पेपर

'तीन दिवसांत पेपर छापून देतो' असे जर्नलांचे मेसेज येतात आणि पोरं म्हणतात, 'आयएसएसएन आहे सर!' आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. केअर यादी, म्हणजे चांगल्या जर्नलांची युजीसीची यादी, युजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी तिचं नाव घेऊन मेसेज येतातच. २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतः अट ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. मग घाई कशाची?

बाकीच्या, थोडक्यात

काम न करणाऱ्याचं नाव पेपरवर घालू नका, माझंसुद्धा.

माणसांवरचा अभ्यास असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. फॉर्म भरून झाल्यावर मागची तारीख टाकून मिळते का, असं मला विचारू नका. संमतीपत्र मराठीत, आणि वाचून दाखवा.

बागवाल्याचं नाव, गट नंबर तक्त्यात नको.

नव्या विद्यार्थ्याला हल्ली मी पहिल्या रविवारी रिफ्रॅक्टोमीटर देऊन मखमलाबादकडच्या एका बागेत पाठवतो. डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावायचं, एकाच घडाचे वरचे, मधले, टोकाचे मिळून दहा मणी मोजायचे. ज्याचे दहाही आकडे सारखे येतात, त्याला पुढच्या रविवारी परत पाठवतो.