शेणखत वापरताय? या चुका टाळा

दर पावसाळ्याच्या तोंडाला मला कोणीतरी विचारतंच, खत घातलं आणि रोपं मेली, असं कसं? मी विचारते शेण कधीचं होतं, तर उत्तर ठरलेलं, अहो कालच गोठ्यातनं आणलं, एकदम ताजं! इथेच सगळं चुकतं. कच्चं शेण मातीत गेलं की तिथेच कुजायला लागतं, त्यात गरमी तयार होते, अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं भाजून निघतात. शिवाय हरळी आणि काँग्रेस गवताचं बी फुकटात येतं ते वेगळंच.

आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी! आमच्या शेजारच्या वहिनींनी जूनमध्ये वांग्याच्या वाफ्यात चार पाट्या अर्धवट कुजलेलं शेण घातलं. श्रावणात 14 पैकी 9 झाडं भर पावसात माना टाकून उभी. त्या म्हणायच्या रोग पडलाय, फवारणी करते. मी म्हटलं वहिनी, आधी एक उपटून बघा. झाड नुसतं हाताला आलं, खाली मुळं जवळजवळ शिल्लकच नाहीत. वाफा उकरला तर पांढऱ्या जाड अळ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी सारख्या वळून पडलेल्या, 20 तरी असतील. साळुंक्यांनी भिंतीवरनं उतरून तिथेच ताव मारला, पण वांगी काही परत आली नाहीत.

म्हणून मी काय करते, तर शेण आणि पालापाचोळा सावलीत थर देऊन रचते, पाणी शिंपडून ओलसर ठेवते आणि पंधरा दिवसांनी फावड्यानं खालीवर करते, त्यात अळ्या दिसल्या की तिथेच वेचून टाकते. चार ते सहा महिने लागतात, लागू द्या. शेण लवकर कुजवणाऱ्या जंतूंचं बाटलीतलं कल्चर शिंपडून पंधरा दिवसांत खत तयार, हे माझ्याकडे तरी एकदाही झालेलं नाही. ज्यांना आठवड्यात टोमॅटो हवेत त्यांनी सरळ मंडईत जावं.

कोंबडीखत हा दुसरा घोळ. शेणखतात नत्र अर्धा टक्का, कोंबडीखतात तीनच्या आसपास, आणि लोक दोन्ही सारखंच ओततात. मग टोमॅटोचं झाड छातीएवढं, पानं गडद हिरवीगार, फळ मात्र दोन. मी जुनं झालेलंच घेते आणि झाडामागे एक मूठ, तेही खोडापासून वीतभर लांब.

शेळ्यामेंढ्यांचं लेंडीखत तसंच्या तसं टाकू नका, लेंड्या महिनोन्‌महिने आख्ख्या राहतात, कुटून घ्या. कुत्र्यामांजराची घाण भाजीच्या खतात अजिबात नको, त्यातनं माणसाला जंत होतात. शेणाचं पाणी मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडू नका, आपण ती कच्ची खातो. पावसात उकिरडा उघडा ठेवाल तर त्यातलं सत्त्व वाहून जातं, वर ताडपत्री टाका. कुंडीत दोन भाग माती, एक भाग खत, बास.

खत तयार झालं का ते मी आधी हातानं बघते. चहाच्या चोथ्यासारखं काळपट मोकळं हवं, वास पहिल्या पावसातल्या मातीचा, शेणाचा नाही. तरी शंका असेल तर वाटीत खत आणि माती निम्मीनिम्मी घालून दहा मेथीदाणे पेरते. चार-पाच दिवसांत आठ-नऊ उगवले की खत वाफ्यात. तीन-चारच उगवले, टोकं पिवळी पडली, तर ढीग पुन्हा झाकायचा आणि महिनाभर हात लावायचा नाही.